कीटकभक्षी वनस्पती बघायला निघालात? या चुका टाळा

पाऊस ओसरू लागला की धानपट्ट्यातली कीटकभक्षी झाडं बघायला कधी येऊ, असे फोन सुरू होतात. जरूर या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात ती आहेत आणि नागपूरहून पहाटे निघालात तर दिवेलागणीला घरी पोचाल. पण दरवर्षी त्याच त्या चुका बघून जीव तुटतो, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उभ्यानं शोधणं. ज्याच्या शोधात तुम्ही आलात ते ड्रोसेरा बर्मानी, म्हणजे दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी झाडाची एक जात, जमिनीला चिकटून वाढतं आणि पूर्ण वाढलं तरी साधारण रुपयाच्या नाण्याएवढंच असतं. एकदा एका मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या, पाळीखालच्या (बांधाखालच्या) ओल्या मुरमाड उतारावर कॉलेजची मुलं घेऊन गेलो होतो. थांबा म्हणेपर्यंत अर्धी मुलं पुढे धावली आणि ‘सर, इथे तर काहीच नाही’ असं ओरडू लागली. मी त्यांना जागच्या जागी खाली बसायला लावलं. बुटांच्या ठशांत लालसर चकत्या चिखलात दाबल्या गेल्या होत्या. एका मुलीच्या टाचेजवळ मात्र एक रोप शाबूत होतं. पानांच्या कडेच्या केसांवर चिकट थेंब, एका पानावर अडकलेलं चिलट, आणि त्याच्याकडे वळलेले केस. त्यानंतर कुणी उभं राहिलं नाही.

माझी सवय सांगतो. पाणी झिरपणारी, गवत विरळ असलेली जागा दिसली की चार पावलं अलीकडेच थांबायचं, उकिडवं बसायचं आणि नजर जमिनीवरून हळूहळू फिरवायची. ऊन चढलं की गवतावरचं दव वाळतं, ड्रोसेराचे थेंब वाळत नाहीत. नऊ-दहा वाजताही जे चमकतंय, तेच तुमचं झाड. दहा मिनिटं बसायची तयारी नसेल तर गाडीतून उतरूच नका.

दुसरी चूक उपटून नेण्याची, आणि ही मला सहन होत नाही. ओळखीच्या एका गृहस्थांनी मातीच्या ढेकळासकट पाच-सहा रोपं नेली, कुंडीत शेणखत घातलं, नळाचं पाणी दिलं. आठवड्याभरात सगळी काळी पडली. मग मलाच विचारतात, खत कमी पडलं का? अहो, ज्या जमिनीत नायट्रोजन जेमतेम मिळतो, तिथे तग धरण्यासाठीच हे झाड किडे पचवतं. खतानं आणि क्षारांच्या पाण्यानं ते मरतं. शिवाय ते एका हंगामाचं आहे. बी पडण्याआधी उपटलं तर पुढच्या वर्षी तिथे काय उगवणार? म्हणूनच मी कुणालाही जागेचं लोकेशन पाठवत नाही. सोबत चला, दाखवतो.

घटपर्णी शोधू नका, ती मेघालयात. पान मिटणारी व्हीनस फ्लायट्रॅप अमेरिकेतल्या कॅरोलायनातली.

डिसेंबर उजाडल्यावर येऊ नका, उतार वाळलेले असतात. सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा.

कपाशीच्या काळ्या रानात फिरून उपयोग नाही.

बिस्किटाचा चुरा, मेलेली मुंगी पानावर टाकू नका. बोटानं थेंब पुसून बघणंही नको.

युट्रिक्युलेरिया ही पाण्यातली कीटकभक्षी वनस्पती तलावात, बोडीत (लहान तळ्यात) तरंगते. पाण्यावर आलेली पिवळी फुलं बघून लोक पुढे जातात, आणि खरी गंमत राहून जाते. तिचे सापळे पाण्याखाली असतात, बारीक फुगे. पाण्यातला किडा फुग्याच्या दाराजवळच्या केसांना लागला की दार आत उघडतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तो पाण्यासकट ओढला जातो. फांदी बाहेर ओढून काढू नका, फुग्यांत हवा शिरते. पांढरा वाडगा तलावातच बुडवून फांदी पाण्यासकट अलगद त्यात घ्या, भिंगानं बघा आणि तिथेच सोडून द्या.

धान उभं असताना बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाय टाकायचा नाही. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून चाला, तेही मालकाला विचारून. धुऱ्याच्या बिळांत घोणस असते, म्हणून पायात बूट आणि हातात काठी हवीच. आभाळ गडगडलं तर उघड्या पाळीवर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नका, सरळ गाडीत जाऊन बसा.