दिसत नसेल तर गॅस घ्यावा की इलेक्ट्रिक?

मला अजिबात दिसत नाही आणि रोजचा स्वयंपाक मीच करते, म्हणून हा प्रश्न मला हमखास विचारतात. माझं सरळ म्हणणं, गॅस की वीज ते नंतर बघू, आधी बटणं हाताला लागतात का ते बघा. दुकानात शेगडी बंद असतानाच तिच्यावर नीट हात फिरवा, नॉबला टोक किंवा खाच आहे का, म्हणजे तो कुठल्या दिशेला आहे ते बोटाला कळतं का. नसेल तर नेलपॉलिशचे दोन-तीन जाड थर देऊन घरीच टिपका करता येतो.

गॅसचं मला आवडतं ते हे की तो बोलतो. आच मोठी असली की घूं आवाज येतो, बारीक केली की जवळजवळ गप्प, आणि बंद केला की ज्योत लगेच जाते, फक्त जाळी तापलेली राहते. पण ज्योत भांड्याबाहेर येते, सैल बाही नकोच. आणि बारीक आच वाऱ्याने विझली तर आपल्याला कळतं ते वासावरून, तोही मुद्दाम मिसळलेला असतो, सर्दी झाली की संपलंच! म्हणून ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असलेलीच शेगडी घ्या.

कॉइलवाली किंवा काचेची इलेक्ट्रिक शेगडी मला नको वाटते. आवाज जवळपास नाही, बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली, आणि 'अजून गरम आहे' हे सांगायला काय, तर लाल दिवा.

इंडक्शनमध्ये भांडंच तापतं, काच तापते ती भांड्यामुळे, उचललं की तापणं थांबतं. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला पाहिजे एवढंच. घोळ टच पॅनलचा, बटण शोधायला बोट लावलं की तेच दाबलं जातं. शक्यतो दाबायची बटणं किंवा नॉब असलेलाच घ्या, नाहीतर उठावदार टिकल्या बटणावर नाही, बाजूला चिकटवा. मी तर वजाचं बटण दाबत दाबत पार खाली जाते आणि तिथून बीप मोजत वर येते.

काहीही घेतलंत तरी भांडं आधी ठेवायचं, आच मग. नंतर सरकलंय का बघायला हात नाही, लाकडी चमच्याचा दांडा वापरा.