तापलेल्या विषयावर गटचर्चा घेताय? या चुका टाळा

घटस्फोट, धर्म, गर्भपात, म्हाताऱ्या आईवडिलांची जबाबदारी... असे विषय गटात निघाले की बघता बघता आवाज चढतात. मग 'विषयच वाईट होता' असं म्हणून सगळे मोकळे होतात. माझ्या मते चर्चा बिघडते ती बहुतेक वेळा ती घेणाऱ्याच्या घाईमुळे.

एकमत घडवायला निघणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. १९९४ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बोस्टनजवळ गर्भपाताची सेवा देणाऱ्या दोन दवाखान्यांत गोळीबार झाला, त्यात दोन स्त्रिया गेल्या. त्यानंतर गर्भपाताच्या बाजूच्या तीन आणि विरोधातल्या तीन नेत्या गुपचूप भेटू लागल्या. या भेटी पाच वर्षांहून जास्त काळ चालल्या. २००१ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं, तेव्हा सहाही जणी आपापल्या मतावर ठाम होत्या, उलट जास्तच पक्क्या झाल्या होत्या. बदलली होती ती एकमेकींबद्दल बोलण्याची भाषा, आणि आदर वाढला होता. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाका: आज कुणाचं मत बदलायचं नाही, समजून घ्यायचं आहे. खांद्यावरचं निम्मं ओझं तिथेच उतरतं.

पहिलाच प्रश्न 'तुमचं मत काय?'

मत विचारलं की माणूस बाजू लढवायला लागतो. त्याऐवजी विचारा, 'या विषयाशी तुमचा स्वतःचा संबंध कसा आला?' प्रत्येकाला दोन मिनिटं द्या, मध्ये कुणी बोलायचं नाही, आणि ज्याला नको त्याने 'पुढे जा' म्हणायचं.

फरक किती पडतो ते पाहा. 'आईवडिलांना वृद्धाश्रमात ठेवणारे कृतघ्न असतात' असं कुणी म्हणालं, तर समोरच्याला एक तर भांडायचं असतं नाही तर गप्प बसायचं असतं. तोच माणूस 'आईचं सगळं मी एकट्याने केलं, भाऊ फिरकलाही नाही' असं म्हणाला, की ऐकणाऱ्यांच्या मनात प्रश्न उभे राहतात. राग तोच असतो, पण आता त्याच्याशी बोलता येतं.

'शांत व्हा' म्हणणं

यानं आजवर कुणी शांत झालेलं नाही. चिडलेल्या माणसाला आधी आपलं म्हणणं पोचल्याची खात्री हवी असते. 'तुमच्यावर अन्याय झाला आणि कुणी विचारलंही नाही, असं म्हणताय ना?' एवढं एक वाक्य पुरतं. चुकीचं समजला असाल तर तो दुरुस्त करेल, आणि दुरुस्त करताना त्याचा आवाज बहुधा खाली येतो. पण छाती धडधडतेय, हात थरथरताहेत, अशी अवस्था असेल तर युक्तिवाद डोक्यात शिरतच नाही. सरळ सुट्टी घ्या, आणि पाच मिनिटांची नको, निदान वीस मिनिटांची. शरीर निवायला तेवढा वेळ लागतोच.

रडणाऱ्याभोवती सगळ्यांनी गोळा होणं

हेतू चांगलाच असतो, पण त्या माणसाला ओशाळं वाटतं आणि त्याचं बोलणं अर्धवट राहतं. 'थोडं थांबूया, की बोलायचं आहे?' असं त्यालाच विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. ही शांतता चर्चा घेणाऱ्याला फार जड जाते. ती सोसायलाच हवी.

एखाद्याला त्याच्या जातीचा, धर्माचा किंवा आजाराचा प्रवक्ता करू नका. 'तुमच्या लोकांना काय वाटतं?' हा प्रश्न कितीही आपुलकीने विचारला तरी टोचतो.

गप्प बसलेले सहमत आहेत असंही धरू नका. चिठ्ठ्या वाटा, नाव न घालता लिहू द्या आणि मोठ्याने वाचून दाखवा.

गोपनीयता गृहीत धरणं

इथे लंडनच्या चॅटहॅम हाउस या अभ्यास संस्थेचा १९२७ पासूनचा नियम उपयोगी पडतो: ऐकलेली माहिती बाहेर वापरता येते, पण ती कोण बोललं हे सांगायचं नाही. हे सुरुवातीला प्रत्येकाकडून तोंडी कबूल करून घ्या, आणि रेकॉर्डिंग बंद.

वेळ संपली म्हणून उठणं

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. त्यात नवा मुद्दा घेऊ नका, प्रत्येकाला एवढंच विचारा की जाताना मनात काय आहे. कुणी मध्येच उठून गेलं असेल, तर दुसऱ्या दिवशी त्याला स्वतः फोन करा.