कुत्रं परदेशी पाठवायचंय? आधी चिप, मग लस

सांगलीतलं बेवारस कुत्रं परदेशातल्या घरी पाठवायचं म्हटलं की लोक आधी विमानाच्या तिकिटाचं विचारतात. तिकीट यादीत फार खाली येतं. सगळ्यात वर हा प्रश्न: हे कुत्रं खरंच पाठवायची गरज आहे का? गल्लीत वाढलेलं, चार घरची भाकरी खाऊन खुशीत असलेलं, हरभट रोडच्या गर्दीतून रिक्षा चुकवत बरोबर वाट काढणारं कुत्रं उचलून परक्या शहरातल्या चौथ्या मजल्यावर नेण्यात मला तरी पुण्य दिसत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणेही अशा कुत्र्याची नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचललं तिथंच परत सोडायचं. रस्त्यावर परत जगूच शकणार नाही अशा जनावरासाठी मात्र घर शोधावं, मग ते सांगलीतच विश्रामबागेत मिळो नाहीतर जर्मनीत.

आमची तिपाई अशीच. मिरज रस्त्याला ट्रकखाली सापडून मागचा डावा पाय गेला. नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलं. दिवाळीला आलेली माझ्या मामेबहिणीची मुलगी चार दिवस तिच्याशेजारी बसून होती, आणि जाताना म्हणाली, "मावशी, हिला मी नेते." ती जर्मनीत राहते. बोलायला एक मिनिट लागलं, न्यायला दहा महिने.

देश पक्का झाल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका, कारण प्रत्येक देशाचं वेगळं. कॅनडाने २८ सप्टेंबर २०२२ पासून रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतली 'व्यापारी' कुत्री घेणं बंद केलंय. त्या यादीत भारत आहे, आणि दत्तक दिलेलं कुत्रंही ते व्यापारीच धरतात. ऑस्ट्रेलियात इथून थेट नेता येत नाही. अमेरिकेत १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्रं किमान ६ महिन्यांचं लागतं, आणि भारतात लस घेतलेल्या कुत्र्याला ठरावीक विमानतळांवरच उतरवून तिथल्या नोंदणीकृत केंद्रात दाखवावं लागतं. युरोपीय संघाचा रस्ता लांब आहे, पण सरळ आहे. फक्त कुत्रं ज्याचं, त्यानेच प्रवास करायचा, किंवा मालक आणि कुत्रं यांच्या प्रवासात ५ दिवसांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही. तिकडे पोचल्यावर मालक बदलणार असेल तर तो व्यापार ठरतो आणि नियम पार बदलतात. म्हणून आम्ही पहिल्यापासून सगळे कागद भाचीच्या नावावर केले आणि न्यायला तीच येणार हे ठरवून टाकलं.

आता चिप. तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेमागे कातडीखाली सुईने सोडतात, आणि तिच्यात १५ आकडी नंबर असतो. चिप रेबीजच्या लसीच्या आधी किंवा त्याच दिवशी बसलेली हवी. उलटं झालं तर लस वाया. म्हणजे अंगात लस असते, कागदावर नसते. आम्ही नेमकं हेच केलं. त्या दिवशी दवाखान्यात चिप शिल्लक नव्हती. "लस तर देऊन टाकू, चिप आली की बोलावतो," असं डॉक्टर म्हणाले आणि मी मान डोलावली. लस २४ नोव्हेंबरची, चिप ४ डिसेंबरची. जानेवारीत रक्ततपासणीचा फॉर्म भरताना भाचीने फोनवर दोन्ही तारखा वाचल्या आणि गप्पच झाली. पुन्हा लस, पुन्हा सुरुवात. एप्रिलमध्ये जायची ती तिपाई गणपतीनंतर गेली. तुम्ही एवढंच करा: लस टोचण्याआधी चिपवरून स्कॅनर फिरवायला सांगा, नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, आणि तो लसीच्या पुस्तिकेत डॉक्टरांसमोरच लिहून, सही-शिक्का मारून घ्या.

पुढे तारखांचं गणित. लस पिल्लू १२ आठवड्यांचं झाल्यावरच. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं, त्यातला सीरम, म्हणजे वरचं पातळ पाणी, युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि रेबीजविरोधी प्रतिपिंडं मिलिलिटरला ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) किंवा जास्त आली पाहिजेत. यालाच सगळे टायटर टेस्ट म्हणतात. रक्त काढल्या दिवसापासून आणखी ३ महिने थांबायचं. लस १ जूनला दिली तर रक्त १ जुलैच्या आधी नाही, आणि विमान १ ऑक्टोबरच्या आधी नाही. कितीही घाई केली तरी पिल्लू सात महिन्यांचं होईपर्यंत जात नाही, तेव्हा "छोटंसं असतानाच हवंय" म्हणणाऱ्यांना आधीच सांगून टाका. पुढच्या लसीची तारीख मात्र चुकवू नका. ती एका दिवसाने चुकली तरी टायटर बाद होऊन सगळं मुळापासून करावं लागतं.

हे सगळे महिने कुत्रं तुमच्या घरात असतं, म्हणून घराची तयारी. घरात आधीचं कुत्रं असेल तर नवीन आलेल्याला पहिले १४ दिवस वेगळं ठेवा. भांडी वेगळी, फडकं वेगळं. पार्वो या कुत्र्यांच्या जीवघेण्या जुलाबाचा विषाणू फरशीत आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो, फिनाईलच्या वासाला तो भीक घालत नाही. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं फरशीवर राहू द्यायचं. घरातल्या माणसांनी रेबीजची चावा होण्याआधी घ्यायची लस घेऊन ठेवावी हे उत्तम. आणि चावा किंवा ओरखडा झालाच तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवायची, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद-चुना लावत बसू नका. आमच्या शेजारच्या काकूंनी तिखट भरायला सुचवलं होतं, तेही नको.

तब्येतीच्या तपासण्यांत सांगलीकरांनी गोचीड विसरू नये. कृष्णाकाठच्या पावसाळ्यात गोचीड इतके होतात की कानात द्राक्षाचे घड लागल्यासारखे दिसतात. गोचीडतापाची, म्हणजे एर्लिकिया आणि बबेसियाची रक्ततपासणी, हार्टवर्मची, म्हणजे हृदयातल्या जंतांची तपासणी, आणि मादी असेल तर योनीमार्गातल्या संसर्गजन्य गाठी आहेत का हे बघून घ्या. रस्त्यावरच्या कुत्र्यांत त्या गाठी बऱ्याच दिसतात आणि केमोने बहुतेक बऱ्या होतात, पण त्यात काही आठवडे जातात. काही सापडलं तर नेणाऱ्याला लपवू नका. अवघड केस असेल तर सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, महामार्गावरच.

क्रेट, म्हणजे कुत्रं विमानातून न्यायचा पिंजरा, दुकानदाराच्या अंदाजाने घेऊ नका. शिंप्याची टेप घ्या. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीची निम्मी मिळवायची, ती क्रेटची आतली लांबी. तिपाई ६० सेंटीमीटर, कोपर ३० वर, म्हणजे ७५. रुंदी खांद्याच्या दुप्पट. उंची उभी असताना कानाच्या टोकापर्यंत, आणि तिपाईचे कान उभे, म्हणून तिथे जरा सढळ. जाळी चारही बाजूंना हवी, पाण्याची वाटी बाहेरून भरता यावी, क्रेटचे वरचा-खालचा दोन्ही अर्धे बोल्टने आवळलेले हवेत.

क्रेट निघण्याच्या किमान दोन महिने आधी घरात आणा. आमचा आला तेव्हा तिपाई आत जायला तयार, पण दाराची कडी वाजली की अंगाचा गोळा करून मोरीत पळायची. तीन दिवस डोकं खाजवलं. मग गल्लीत कुत्री पकडणारी गाडी आली, तिच्या पिंजऱ्याचं दार खण्णकन आपटलं, आणि तिपाई पुन्हा मोरीत. तेव्हा कळलं. मग मी नुसती कडी हातात घेऊन पडवीत बसायला लागले. एकदा वाजवायची, उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. दार उघडंच. दहाव्या-बाराव्या दिवशी कडी वाजली की ती मोरीतून बाहेर यायला लागली. मग दार लोटलं, मग लावलं, मग मी स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटल्या. शेवटी रात्रभर त्यातच झोपली. गुंगीचं औषध देऊ असं कुणी म्हणालं तर ठाम नाही म्हणा. उंचावर त्याने रक्तदाब आणि श्वास बिघडू शकतो, आणि गुंगीतलं जनावर दिसलं तर विमान कंपन्या परत पाठवतात.

कागदांचं शेवटचं काम मुंबईत, केंद्र सरकारच्या प्राणी संगरोध आणि प्रमाणन सेवेकडे. तिला सगळे एक्यूसीएस म्हणतात. आरोग्य प्रमाणपत्र दिल्या दिवसापासून १० दिवसांत युरोपच्या पहिल्या विमानतळावर तपासणी व्हावी लागते, म्हणून ते लवकर करून ठेवता येत नाही. टायटरच्या मूळ अहवालासह सगळ्याचे तीन-तीन संच करा. एक भाचीच्या पर्समध्ये, एक क्रेटला चिकटवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, एक तुमच्याकडे. वाटेत आयर्लंड, फिनलंड, माल्टा किंवा नॉर्वे असेल तर पट्टकृमीचं औषध पोचण्याच्या २४ ते १२० तास आधी देऊन त्याची नोंदही लागते.

सांगली ते मुंबई रेल्वेने जमतं, पण कुत्र्यासाठी फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. त्या पेटीत मी तिपाईला ठेवलं नसतं. गाडीने रात्री निघा. आधी दोनदा पेठ नाक्यापर्यंत जाऊन या, ओकते का बघा. निघण्याआधी चार-पाच तास खाणं बंद, पाणी चालू. महामार्गावर थांबाल तिथे दार उघडण्याआधी पट्टा हातात. पट्टे दोन: एक गळ्याला, एक हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला. घाबरलेलं कुत्रं एका पट्ट्यातून मागे सरकून निसटतं, आणि खंबाटकी घाटाच्या अंधारात ते सापडत नाही. तिकडच्या पहिल्या महिन्यातही हे दोन पट्टे सोडू नका, असं भाचीकडून मी दोनदा वदवून घेतलं.

सोबत न धुतलेलं पांघरूण, आठवडाभराचं नेहमीचं खाणं, औषधांची चिठ्ठी. आणि तिला कळणाऱ्या शब्दांची यादी, भाचीच्या जर्मन नवऱ्यासाठी मी म्हणून पाठवलेल्या आवाजासकट: चल, थांब, बस, ये गं, खाऊ. शेवटचा शब्द 'हाड', त्याच्यापुढे मी लिहिलं होतं की हा तिला सगळ्यात चांगला कळतो, तेवढा कुणी वापरू नका.