रिकाम्या खाचांमधला जांभळा रंग

औषधी वनस्पतींच्या अर्कांवर काम सुरू करणारे विद्यार्थी मला बहुधा एकच प्रश्न विचारतात: वनस्पती कोणती निवडावी? वनस्पती कोणतीही निवडा, पण तिचा अर्क तुमच्या चाचणीतील रसायनांशी परस्पर अभिक्रिया करत नाही ना, हे पहिल्याच आठवड्यात तपासा. मी ते तपासले नाही आणि पीएचडीचे सात महिने गमावले.

माझ्याकडे एका झाडाच्या सालीचा मेथेनॉलमध्ये काढलेला अर्क होता. त्यात टॅनिन आणि फ्लेव्होनॉइड भरपूर होते. यकृताच्या पेशींना तो कितपत विषारी आहे, हे मी एमटीटी चाचणीने पाहत होते. जिवंत पेशींमधील विकरे (एन्झाइम) पिवळ्या एमटीटी रंगद्रव्याचे क्षपण करून, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन, जांभळे फॉर्माझान तयार करतात आणि ५७० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाशाचे शोषण जितके जास्त, तितक्या जिवंत पेशी जास्त असे आपण धरतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. माझ्या प्लेटमध्ये, म्हणजे पेशी वाढवण्याच्या छोट्या खाचा असलेल्या ताटलीत, अर्काची मात्रा वाढेल तसा जांभळा रंग गडद होत गेला, आणि दर मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅम या मात्रेला जिवंत पेशींचे प्रमाण १३० टक्के निघाले. अर्क पेशींची वाढ करतो, असे समजून मी परिषदेसाठी सारांशही लिहिला. मार्गदर्शकांना आकडे आवडले, आणि पुढे कोणी काही विचारले नाही.

त्याच खाचा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या असत्या, तर पेशी गोल होऊन तळापासून सुटलेल्या दिसल्या असत्या. अखेर एका सहकारी मैत्रिणीने विचारले, "पेशी न घालता नुसता अर्क आणि एमटीटी एकत्र करून पाहिलंस का?" दुसऱ्या दिवशी मी तशा आठ खाचा भरल्या. तासाभरात आठही जांभळ्या झाल्या.

कारण असे की, टॅनिन आणि फ्लेव्होनॉइड यांसारखी पॉलिफिनॉल वर्गातील संयुगे स्वतःच इलेक्ट्रॉन देतात, आणि तो विकराकडून आला की क्वेर्सेटिनसारख्या फ्लेव्होनॉइडकडून, हे एमटीटीला कळत नाही. म्हणजे ज्या प्रतिऑक्सिडीकारक गुणासाठी आपण ती वनस्पती हाती घेतो, तोच गुण चाचणीचा निकाल बिघडवतो. म्हणून प्रत्येक मात्रेसाठी पेशीविरहित खाचा ठेवा. एमटीटी घालण्यापूर्वी अर्क काढून टाका, पेशी बफरने हलक्या हाताने दोनदा धुवा आणि ताजे माध्यम घाला. पेशीविरहित खाचांचे शोषण नुसते वजा करून भागत नाही, कारण धुतल्यानंतरही काही संयुगे पेशींच्या आत राहतात. त्यामुळे मृत पेशींना रंगवणारे ट्रायपॅन ब्ल्यू वापरून केलेल्या मोजणीसारख्या वेगळ्या तत्त्वावरच्या पद्धतीने निकाल पडताळा, आणि तोपर्यंत कोणालाही आलेख दाखवू नका.

हा धोका केवळ एमटीटीपुरता नाही. हळदीतील कुरकुमिन स्वतः प्रतिदीप्त होते (प्रकाश शोषून वेगळ्या रंगाचा प्रकाश सोडते), प्रथिनांशी अभिक्रिया करते, धातूंचे आयन धरून ठेवते आणि उदासीन जलीय माध्यमात लवकर विघटित होते; त्यामुळे ते असंख्य चाचण्यांमध्ये क्रियाशील भासते. अशा फसव्या रचनांची वर्गवारी बेल आणि हॉलोवे यांनी २०१० साली मांडली. प्रयोग आखण्यापूर्वी ती वाचा. प्रतिऑक्सिडीकारक गुण मोजणाऱ्या डीपीपीएच चाचणीतील एका आकड्यावरून औषधी गुणधर्माचा दावा करणे मला अप्रामाणिक वाटते, आणि संगणकावरील डॉकिंगने, म्हणजे रेणू प्रथिनाला कसा चिकटेल याच्या अंदाजाने, प्रयोगाची जागा घेता येत नाही. आकड्यांआधी नियंत्रण खाचा दाखवायला सांगणारा मार्गदर्शक मिळाला, तर त्याचा कडकपणा आनंदाने सोसा.

वनस्पतीचा संदर्भ नमुना वनस्पतीसंग्रहात जमा करणे आणि अर्काविना केवळ डीएमएसओ हे द्रावक घातलेल्या खाचा ठेवणे या गोष्टी तुम्ही करतच असाल.

निकाल कोसळला म्हणून वनस्पती लगेच सोडू नका. चिनी शास्त्रज्ञ तू यौयौ यांच्या गटालाही एका वनस्पतीच्या अर्काचे हिवतापावरील परिणाम सुरुवातीला कमीजास्त मिळत होते. त्यांनी वनस्पती न बदलता अर्क काढण्याची रीत बदलली, उष्णतेऐवजी कमी तापमानाला ईथर वापरले, आणि १९७१ मध्ये उंदरांवर स्पष्ट परिणाम दिसला. त्यातूनच पुढे आर्टेमिसिनिन हे हिवतापावरचे औषध हाती आले.

माझा अर्क मात्र धुतलेल्या खाचांमध्ये सरळ विषारी ठरला. परिषदेचा सारांश मी मागे घेतला. त्या दिवशी फार रडले. त्यानंतर अर्कातील टॅनिन वेगळे केले आणि उरलेल्या अंशाची चाचणी पुन्हा पहिल्यापासून लावली. आता प्रत्येक प्लेटमध्ये पेशीविरहित खाचांचा स्तंभ मी सर्वांत आधी भरते.