मुलांच्या कुस्तीतली लबाडी: दाखला, काटा आणि तेलकट मान

मुलांच्या कुस्तीतली लबाडी बहुतेक वेळा मोठ्यांच्या डोक्यातून निघते, आणि पंचाची शिट्टी वाजायच्या आधीच होऊन गेलेली असते. म्हणून ती आधीच पकडायची.

वय चोरून लहान गटात उतरवलेला मुलगा पकडायला जन्मदाखल्यावरची जन्मतारीख सगळेच बघतात. तुम्ही नोंदणीची तारीख बघा. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. वर्ष उलटल्यावर ती दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही. जन्म २०१० चा आणि नोंद २०२२ ची असेल, तर त्या आदेशाची प्रत मागा, शिवाय पहिलीत नाव घातलेल्या शाळेचा जनरल रजिस्टरचा (प्रवेशाच्या नोंदवहीचा) उतारा. तफावत निघाली तर लेखी हरकत द्या, तीही गटाची पहिली कुस्ती लागायच्या आत. पोरासमोर तमाशा नको, दाखला त्याने काढलेला नसतो. डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतात, पण तो अंदाज असतो. त्यामुळे कागद आधी. भारतीय कुस्ती महासंघाने २०२५ मध्ये बनावट दाखल्यांवरून मल्ल निलंबित केले, ते पालिकेकडून पडताळणी झाल्यावरच.

वजनाचा काटा मॅटवर ठेवू नका, मऊ जागेवर तो चुकतो. टणक फरशीवर ठेवून किराणा दुकानातली शिक्क्याची १० किलोची चार वजनं एकदम चढवा. ४० दाखवलं तर ठीक. शेजारी टेबल किंवा भिंत नको, टेकलेली दोन बोटंही शे-दोनशे ग्रॅम सहज खातात.

पाणी तोडून, रेनकोट घालून पळवून वजन उतरवणं हीसुद्धा लबाडीच, फक्त आपल्याच पोराशी. दर रविवारी उपाशीपोटी वजन वहीत लिहा. ४५ किलोचा मुलगा तीन दिवसांत २ किलो उतरला, तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. त्याला सरळ वरच्या गटात खेळवा.

पकड निसटावी म्हणून अंगाला लावलेलं तेल पकडणं सोपं आहे. कोरड्या पांढऱ्या रुमालाने मान, दंड आणि गुडघ्यामागची लवण पुसा. घामाने रुमाल नुसता भिजतो, तेलाचा डाग वाळल्यावरही राहतो. मातीत समोरच्याच्या अंगावर मूठभर माती टाकून पकड मिळवता येते. मॅटवर ती सोय नाही. नखं बोटाच्या टोकावरून आपला अंगठा फिरवून तपासा, नुसतं बघून कळत नाही.

कुस्ती चालू असताना एकच बोट पिरगाळलं, जर्सी ओढली, तर उलट तसंच करायचं नाही. पंचाची नजर बऱ्याचदा दुसऱ्या चुकीवर पडते. सरावातच सवय लावा: पकडलेला हात पंचाला दिसेल असा वर घ्यायचा. व्हिडिओची सोय असेल तर चॅलेंज, म्हणजे निर्णय व्हिडिओवर पुन्हा बघायची मागणी, कोपऱ्यातल्या प्रशिक्षकानेच करायचं. ते फेटाळलं गेलं की समोरच्याला १ गुण मिळतो, म्हणून रागाच्या भरात करू नका.

जत्रेत जोड नजरेने लावतात, तिथेच जास्त फसतं. दोघांना अनवाणी, खांद्याला खांदा लावून उभं करा, आणि काटा नसेल तर वस्तादांनी एकमेकांचा पठ्ठ्या उचलून बघावा. इनाम वाटून घ्यायचं आधीच ठरलेली नुरा कुस्ती हीसुद्धा लबाडीच.