दोन कांदे दे बघू: दोन-तीन वर्षाच्या पोरांसोबत घरातल्या घरात गणित

आमची लेक अडीच वर्षाची होती तेव्हा एक ते वीस धडाधड म्हणायची, पाहुणे आले की आज्जी तिला पुढं करणार आणि सगळे टाळ्या वाजवणार. एक दिवस भाजी करताना मी सहज म्हणलं, दोन कांदे दे बघू. तिनं एक दिला, दुसरा दिला, तिसरा दिला, टोपली रिकामी होईपर्यंत देतच राहिली आणि शेवटी खूश होऊन टोपली पण माझ्या हातात दिली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की वीसपर्यंत म्हणता येणं वेगळं आणि दोन म्हणजे किती हे कळणं वेगळं.

आणि यात काळजी करण्यासारखं काहीच नाही बरं का. बहुतेक पोरांना साधारण दोन-अडीच वर्षाच्या आसपास नुसता एक कळतो, मग काही महिन्यांनी दोन, परत काही महिन्यांनी तीन, आणि साडेतीन-चारच्या सुमारास मग पक्कं बसतं की मोजताना शेवटी जो आकडा आला तेवढ्या वस्तू आहेत. काही पोरांना लवकर कळतं, काहींना उशिरा. त्यामुळे शंभरपर्यंत पाठ करून घेण्यापेक्षा एक, दोन, तीन हातात खेळू द्या, तीनपर्यंत तर पोरं न मोजता नुसतं बघून पण ओळखायला लागतात.

सगळ्यात जास्त उपयोगाचा खेळ हाच, "दे बघू". दोन बटाटे दे, एक चमचा दे, तीन वाट्या दे. चुकलं तर "नाही, चुकलं" म्हणायचं नाही, जे दिलंय ते ओट्यावर ओळीत मांडायचं आणि एकेकाला बोट लावत आपणच मोजायचं, एक, दोन, मग दोघांवर हात फिरवून म्हणायचं, "हे दोन कांदे". हा हात फिरवणं महत्त्वाचं आहे, नाहीतर पोराला वाटतं की "दोन" हे त्या दुसऱ्या कांद्याचं नाव आहे! माझ्या लेकीला खरंच तसं वाटायचं, दोन कुठंय विचारलं की शेवटच्या कांद्यावर बोट ठेवायची. मग मी उलटं सुरू केलं, आधी एकूण सांगायचं आणि मग मोजायचं, "तीन चपात्या आहेत बघ, एक, दोन, तीन", आणि याचा फरक पडला.

जेवायची पानं घेताना पोराला कामाला लावा. प्रत्येक ताटात एक वाटी, प्रत्येक वाटीत एक चमचा. आकडा नाही म्हणलं तरी चालतं, एका ताटाला एक वाटी ही जोडी लावणं हाच मोजण्याचा पाया आहे, आणि एक वाटी कमी पडली की "आबांना नाही!" असं ओरडत पोरगं स्वतः आणायला पळतं. जेवण झालं, ताटातली चपाती संपली की "एक पण नाही राहिली" म्हणा, शून्य नंतर कळेल, संपलं हे त्याला आधीच कळतं.

बाकी डबे आणि झाकणं समोर टाकून कुठलं कशाला बसतं हे लावायला द्या, धुणं वाळलं की मोजे जुळवायला, मोठ्यांचे कपडे इकडं छोट्यांचे तिकडं. चमचा-वाटी-चमचा-वाटी अशी रांग लावून "आता काय येणार?" विचारा. जिना चढताना पायरीला एक आकडा, पण त्याच्या पायाच्या वेगानं, आपल्या नाही.

आता सांगलीचा म्हणून एक खास खेळ सांगते. किराणा आणला की एका हातात भडंगाची पिशवी द्या आणि दुसऱ्या हातात हळदीचा पुडा (पुडा घट्ट बंद आहे ना बघा, नाहीतर सगळं घर पिवळं). भडंग दिसायला ही एवढी मोठी पिशवी पण उचलली की हलकी, आणि हळद छोटी पण जड. लेकीचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा होता, तिनं दोन्ही खाली ठेवून परत उचलून बघितलं, मोठं म्हणजे जड हा तिचा हिशोब तिथंच मोडला. असं दोन्ही हातात धरून कळलेलं चित्र दाखवून कळत नाही.

दुसरा खेळ पावसाळ्यातला. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये घरोघरी एकच चौकशी, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट? ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला तर ५७ च्या वर गेलं होतं, आणि पोरं हे सगळं ऐकत असतात. मी गॅलरीत पारदर्शक प्लास्टिकची बरणी ठेवली, सरळ भिंतीची, पाऊस पडेल अशा जागी. रोज संध्याकाळी पाणी जिथपर्यंत आलंय तिथं रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. कालच्यापेक्षा वर आलं का? किती बोटं वर? पाऊस नसेल त्या दिवशी पट्टी तिथंच, आणि हे बघून ती म्हणाली "आज पाणी दमलं". वर-खाली, काल-आज, जास्त-कमी सगळं एका बरणीत. फक्त दर दोन-तीन दिवसांनी पाणी ओतून द्या, डास होतात.

एक गोष्ट मात्र कडक सांगते. चार-पाच वर्षाच्या आतल्या पोराला मोजायला शेंगदाणे, हरभरे, गोट्या, बटणं काही देऊ नका, घशात अडकतं. तासगावचे बेदाणे घरोघरी डबाभर असतात, पण खेळता खेळता तोंडात जाणारच, ते पण नकोत, अख्खी द्राक्षं तर अजिबात नकोत. कांदे, बटाटे, वाट्या, मोजे बास आहेत. खेळण्यातले आणि रिमोटमधले बटणसेल उचलून ठेवा. पाण्याचे खेळ करताना बादलीपाशी पोराला एका मिनिटासाठी पण एकटं सोडू नका.

आज्जी पेरांवर मोजते, एका बोटाला तीन, चार बोटांत बारा. पोरांना ते बघायला फार आवडतं, पण सुरुवातीला अख्खी बोटंच बरी. आणि पुढचे आकडे, अकरा, बारा, एकोणीस, एकोणतीस, हे मराठीत अवघडच आहेत, म्हणून तर बालभारतीने २०१९ ला दुसरीला एकवीस, बावीसऐवजी वीस एक, वीस दोन असं वाचायची पद्धत आणली आणि केवढा वाद झाला. दोन-तीन वर्षाच्या पोराला त्याचा काय ताण द्यायचा.

दिवसाला पाच-दहा मिनिटं, ती पण कामाच्या ओघात. पोरगं उठून गेलं की खेळ संपला, मागं लागायचं नाही आणि पाहुण्यांसमोर परीक्षा तर अजिबात घ्यायची नाही, हे मी आज्जींना पण सांगितलंय आणि त्यांनी ऐकलंय.

लेक आता तीन वर्षं दोन महिन्यांची आहे. तीन कांदे माग, बरोबर तीन देते. चार मागितले की अजून मूठभरून आणते, मग आम्ही दोघी ते ओट्यावर ओळीत मांडतो, चार झाले की हात फिरवतो, आणि उरलेले ती टोपलीत टाकते.