आवाज चढवण्याआधी निर्णयाची नोंद हातात घ्या

बांधकाम, मालवाहतूक, यंत्रनिर्मिती, गुंतवणूक अशा क्षेत्रांत उतरलेल्या बाईला सगळे सांगतात, 'ठामपणे बोला.' ती ठाम बोलली की आक्रस्ताळी ठरते आणि मऊ बोलली की 'अजून तयार नाही.' ॲन हॉपकिन्स अमेरिकेत प्राइस वॉटरहाऊस या हिशेब तपासणाऱ्या कंपनीत नोकरीला होती. तिने कंपनीला सरकारी खात्याचं मोठं कंत्राट मिळवून द्यायला मदत केली होती. तरी तिची भागीदारी अडली आणि जरा बायकी चाला-बोला, मेकअप करा, असा सल्ला मिळाला. हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, १९८९ साली निकाल लागला आणि अशा साचेबद्ध अपेक्षांवरून निर्णय घेणं हाही भेदभावच, असं न्यायालयाने मान्य केलं. कुठल्या सुरात बोलावं याचा घोळ संपणारा नसतो. म्हणून इथे भर आहे तो सुरावर अवलंबून नसणाऱ्या गोष्टींवर: आकडे, वेळ आणि लेखी नोंद.

बैठकीआधीची बैठक

बरेचसे निर्णय बैठकीत फक्त जाहीर होतात, ठरतात आधीच. जेवणाच्या टेबलावर, गाडीत, संध्याकाळच्या गप्पांत. त्या गप्पांत तुम्ही नसता, म्हणून ती पायरी मुद्दाम करावी लागते. बैठकीच्या दोन दिवस आधी ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशा दोघांना प्रत्येकी दहा मिनिटांचा फोन करा. 'पाठिंबा द्याल ना?' असं विचारू नका. सगळे हो म्हणतात आणि वेळ आली की गप्प बसतात. त्याऐवजी विचारा, 'या प्रस्तावात तुम्हाला अडचण कुठे दिसते?' आलेली अडचण आणि तिचं उत्तर प्रस्तावात घाला. मग नेमकं काम मागा: 'वेळापत्रकाचा मुद्दा निघाला की तुमच्या विभागाचे आकडे तुम्ही सांगाल का?'

प्रस्ताव एका पानाचा असावा. पहिल्या ओळीत हवा असलेला निर्णय, खाली तीन आकडे: खर्च, मुदत आणि निर्णय न घेतल्यास होणारं नुकसान. विषयपत्रिकेत तुमचा विषय पहिल्या एक-तृतीयांशात यावा, कारण शेवटचे विषय हमखास 'पुढच्या वेळी घेऊ' मध्ये जातात. दाराजवळ बसू नका. दाराजवळच्या माणसालाच प्रिंट आणायला पाठवतात.

कुणी मध्येच तोडलं तर

झिमरमन आणि वेस्ट या संशोधकांनी १९७५ साली स्त्री-पुरुषांमधले ११ संवाद तपासले. त्यात ४८ वेळा कुणीतरी कुणाचं बोलणं तोडलं होतं, आणि ४६ वेळा तोडणारा पुरुष होता. नमुना लहान होता, त्यावरून जगाचा नियम काढू नये. पण बैठकीत बसलेल्या बाईला हा आकडा फारसा धक्का देत नाही.

तोडलं की थांबू नका, वेगही वाढवू नका. वेग वाढला की घाई दिसते आणि घाईत असलेल्या माणसाला तोडणं आणखी सोपं जातं. शेवटचे तीन-चार शब्द पुन्हा उच्चारून त्याच आवाजात वाक्य पुरं करा. तरीही थांबला नाही तर: 'हे वाक्य पूर्ण करते, मग तुमचा मुद्दा घेऊ.' आणि खरंच घ्या, नाव घेऊन: 'हं, बोला, तुमचं काय होतं?' हे दुसरं पाऊल गाळलं तर ही युक्ती एकदाच चालते.

आपल्या भाषेत माघार घेण्याची सोय फार आहे. 'जरा बोलू का', 'मला आपलं वाटतं', 'चुकत असेन तर सांगा'. सुरुवातीला यातलं काही नको, पहिल्याच वाक्यात एक आकडा हवा. खात्री नसेल तर ती किती नाही तेही मोजून सांगा: 'यातले दोन आकडे पक्के आहेत, तिसरा अंदाज आहे.' अशाने वजन घटत नाही, वाढतं.

तुमचा मुद्दा दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या तोंडून आला आणि सगळ्यांनी मान डोलावली, तर त्याच मिनिटात बोला: 'बरोबर, मघाशी मी मांडला तो मुद्दा हाच. त्यापुढचं पाऊल असं आहे.' पुढचं पाऊल तयार नसेल तर हे वाक्य नुसती तक्रार वाटतं. ओबामांच्या काळात व्हाइट हाऊसमधल्या बायकांनी ही जबाबदारी वाटून घेतली होती: एकीने मुद्दा मांडला की दुसरीने तो तिच्या नावासकट पुन्हा उच्चारायचा. एखाद्या पुरुष सहकाऱ्यालाही आधी सांगून ठेवता येतं.

समोरचा तुमच्या कनिष्ठाशीच बोलतो तेव्हा

पुरवठादार किंवा ग्राहक तुमच्याकडे पाहतही नाही आणि शेजारच्या कनिष्ठ पुरुषाला दर विचारतो. याचा बंदोबस्त बैठकीआधीच करायचा. आमंत्रणाची मेल तुमच्या नावाने जावी. ओळख करून देताना हुद्द्यापेक्षा अधिकार सांगा: 'दर आणि मुदत यांवर सही माझी असते.' कनिष्ठाला एकच वाक्य पाठ हवं: 'हा निर्णय मॅडमचा आहे.' एवढं म्हणून त्याने वहीत पाहायचं. बिघडतं ते त्याच्या चांगुलपणामुळे. मदत म्हणून तो एका प्रश्नाचं उत्तर देतो आणि पुढचे दहा प्रश्न त्यालाच येतात.

घरकाम, पण ऑफिसातलं

कार्यक्रम ठरवणं, नव्या माणसाला माहिती देणं, कुणी घ्यायला तयार नसलेला अहवाल. लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांच्या २०१७ सालच्या शोधनिबंधात अशा बढतीला न उपयोगी पडणाऱ्या कामांची तपासणी आहे. प्रयोगांत बायकांना अशा कामाची विनंती पुरुषांपेक्षा ४४ टक्के जास्त वेळा झाली. होकार ७६ टक्के बायकांनी आणि ५१ टक्के पुरुषांनी दिला. मिश्र गटात आपणहून काम घेण्यातही बायका पुढे होत्या, पण गंमत अशी की गटात सगळे पुरुष किंवा सगळ्या बायका असल्या की हा फरक नाहीसा झाला. म्हणजे समोर बाई असली की बाकीचे वाट पाहतात.

चार आठवडे नोंद ठेवा: काम, लागलेले तास, सांगितलं कुणी, मूल्यमापनात धरलं जातं का. मग नकार आकड्याने द्या: 'या महिन्यात अशी तीन कामं माझ्याकडे आली. आता पाळी लावू या.' पाळीची यादी मात्र करून देऊ नका. तेही असलंच काम आहे. ज्याने काम आणलं त्यालाच करू द्या.

दर आणि पैसा मागताना

बोल्स, बॅबकॉक आणि लाय यांच्या २००७ सालच्या प्रयोगांत जास्त पैसे मागणाऱ्या बाईबरोबर काम करायची लोकांची इच्छा मागणाऱ्या पुरुषाच्या तुलनेत अधिक घटलेली दिसली. हे अन्यायाचं आहे, पण माहीत असलेलं बरं. मागणीला कामाशी जोडलेलं कारण द्या, 'हा दर घेतला तर त्याच कारागिरांना पूर्ण मुदतभर कामावर ठेवता येतं' असं. तीन ठिकाणचे चालू दर कागदावर असू द्या. आकडा एकदा सांगा आणि गप्प बसा, मनात पाचपर्यंत मोजा. त्या शांततेत स्वतःच 'अर्थात कमी-जास्त करता येईल' म्हणणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. सवलत फुकट द्यायची नाही: '४ टक्के कमी करते, पैसे ३० दिवसांत हवेत.'

गुंतवणूकदारांसमोर सापळा प्रश्नातच असतो. डॅना कान्झे आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या स्टार्टअप स्पर्धेतले प्रश्न तपासले. पुरुषांना विचारलेले ६७ टक्के प्रश्न वाढीचे होते, बायकांना विचारलेले ६६ टक्के बचावाचे. बचावाच्या प्रश्नाला बचावाचंच उत्तर देणाऱ्यांना कमी भांडवल मिळालं. 'ग्राहक टिकवणार कसे?' याला एका वाक्यात खरं उत्तर द्या, आणि दुसऱ्या वाक्यात टिकलेल्या ग्राहकांवर धंदा किती वाढतो ते मांडा. प्रश्न टाळू नका, टाळलेला लगेच कळतो.

लगट, धमकी, घाणेरडी सूचना यांना हजरजबाबी उत्तर शोधत बसू नका. तारीख, वेळ, नेमके शब्द आणि हजर असलेली माणसं त्याच दिवशी कंपनीच्या मेल-संगणकावर नव्हे, स्वतःकडे लिहून ठेवा, मग रीतसर तक्रार करा.

शेवटची मेल तुमची

सगळ्यांचं बोलणं टिपत बसणं हे कारकुनी काम. ते अंगावर आलं तर पाळीत टाका. पण तुमच्या विषयावरचा निर्णय मात्र स्वतः लिहा, २४ तासांच्या आत, पाच ओळींत: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, किती खर्चात. शेवटची ओळ, 'काही बदल असल्यास शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर याप्रमाणे काम सुरू करते.' महिन्याभराने 'असं ठरलंच नव्हतं' म्हणणाऱ्याला मग त्या मेलवरच बोलावं लागतं. मेल फक्त बैठकीत हजर असलेल्यांना पाठवा. पहिल्याच मेलमध्ये वरच्या साहेबाला घेतलं तर ती चुगली वाटते आणि पुढच्या वेळी लोक तुमच्यासमोर काही ठरवायचंच टाळतात.